टोरीची दोन पोती

ही गोष्ट मी आजवर टाळत आलो. बायकोला सांगितली नाही आणि ती गेली. मुलांनी लहानपणच्या जंगलाबद्दल विचारलं की मी अस्वलाची गोष्ट सांगायचो, नाहीतर पुरात वाहून आलेल्या सांबराची. याच वहीत नाक्यावरच्या दिवसांबद्दल मी दोनदा लिहायला बसलो आणि दोन्ही वेळा आईच्या चुलीपाशी थांबलो. पण गेल्या उन्हाळ्यात काही तरुण मुलं-मुली घरी आली. उघड्या पडलेल्या टेकड्यांवर इथलीच जुनी झाडं पुन्हा लावायची असं त्यांचं काम. बी कसं जपायचं ते त्यांना विचारायचं होतं, आणि मी वनखात्यात नोकरी केलेली, म्हणून कोणीतरी माझं नाव सांगितलं. मी तासभर बोललो. सागाचं बी वारुळाशेजारी पसरायचं, म्हणजे वाळवी त्याची लव खाऊन टाकते आणि ते लवकर उगवतं. शिवणीची फळं गुरांना चारायची आणि रवंथ करताना गोठ्यात पडलेल्या बिया सकाळी वेचायच्या. बिजाच्या झाडाच्या चपट्या शेंगा चुलीवर धुरात टांगायच्या. मुलं भराभर लिहून घेत होती. त्यांतल्या एका मुलीनं मान वर करून विचारलं, "आजोबा, हे तुम्हाला कोणी शिकवलं?" मी म्हणालो, "जुनी माणसं सांगायची."

जुनी माणसं नव्हे. एकच माणूस. त्याचं नाव दसरू. ती मुलं गेल्यावर मी जेवलो नाही. सुनेनं विचारलं तर पोट बरं नाही म्हणालो.

माझे वडील जंगलखात्यात नाकेदार होते. कुरखेड्याहून बैलगाडीनं अर्धा दिवस आत गेलं की आमचा नाका लागायचा. रस्त्यावर आडवा बांबू, बाजूला दोन खोल्यांचं कौलारू घर, मागे विहीर आणि त्यापलीकडे मालगुजाराचं, म्हणजे जमीनदाराचं, जुनं धान्याचं कोठार. मालगुजारी गेली तेव्हा हे कोठार सरकारकडे आलं. पण जाता जाता मालगुजारानं समोरची अख्खी टेकडी ठेकेदाराला तोडायला दिली होती. मला आठवते ती टेकडी अशी, नुसती खुंटांची. पाऊस आला की तिच्यावरून लाल पाणी सरळ आमच्या अंगणात यायचं. आई सूप घेऊन दारात उभी राहायची आणि म्हणायची, "टेकडीच आली पाहा घराले." घरात खाणं साधंच होतं. सकाळी भाताची पेज, दुपारी अंबाडीची भाजी, कधी मासे धरणाऱ्या ढिवरांच्या बायकांनी आणून दिलेले सुके झिंगे आणि पावसाळ्यात सात्या, म्हणजे वारुळावर उगवणाऱ्या अळंब्या. सात्या शिजल्या की त्या वासानं वडीलसुद्धा नाक्यावरून उठून आत यायचे. पुऱ्या तळायच्या त्या टोरीच्या तेलात. मोहाच्या बीला आमच्याकडे टोरी म्हणतात. थंडीत ते तेल तुपासारखं गोठतं. दिव्यात, केसांना, भाजीत तेच. वर्षाचं तेल आम्हाला दसरूची बायको पुनाबाई आणून द्यायची. आई तिला मीठ आणि जुनं लुगडं द्यायची. दोघी ओट्यावर बसून तासन्‌तास बोलत राहायच्या.

दसरूचा टोला नाक्यापासून हाकेच्या थोडा पलीकडे. पंधरा-वीस गोंड घरं. गावदेवाची पूजा त्याच्याकडे होती आणि गावाचं बी राखणंही. त्याच्या घराच्या एका खोलीत माणसं राहत आणि दुसऱ्या मोठ्या खोलीत बी राही. छताला तुंबे टांगलेले असत, म्हणजे वाळवून पोकळ केलेले भोपळे, चाळीस-पन्नास तरी. प्रत्येकात राख आणि बी, तोंड शेणामातीनं लिंपलेलं. पुनाबाई म्हणायची, "माह्यापरीस तुंब्याइवर जीव हाये याचा. मी मेली तं मलेबी राखेत ठेवन आन लिपून टाकन." दसरू नुसता हसायचा. ते तुंबे हलवून तो आवाज ऐकायचा आणि सांगायचा, हे ऐन, ही चार म्हणजे चारोळी, हा बेहडा. मी मॅट्रिक होऊन घरी बसलो होतो, नोकरीची वाट बघत. मला काही त्या आवाजातला फरक कळायचा नाही. तो म्हणायचा, "बाबू इंग्रजी शिकला, पन बी जितं का मेलं ते पुस्तकात नाई लिवलं वाट्टे."

ती उघडी टेकडी पुन्हा उभी करायची असं नव्या रेंजरसाहेबांनी मनावर घेतलं. माणूस वाईट नव्हता. तरुण होता आणि त्याला घाई होती. केवळ साग न लावता इथली सगळी झाडं लावू, म्हणाले, आणि त्यासाठी कोठाराचं बीगोदाम केलं. बी गोळा करायला दसरूचा टोला, राखायला मी. रोजंदारी होती, पण नीट काम केलंस तर खात्यात कायम घेतो, असं साहेबांनी वडिलांसमोर सांगितलं होतं. त्या रात्री आईनं गोड भात केला होता, एवढं मोठं ते आमच्यासाठी होतं.

वर्षभर बी येत राहिलं. दसरूची नात सुकरी त्याच्याबरोबर यायची. चार-पाच वर्षांची, नाकात काडी, केस तेलानं चपचपीत. बी मोजायच्या तराजूच्या पारड्यात ती स्वतः जाऊन बसायची आणि म्हणायची, "मले मोज." मी दुसऱ्या पारड्यात हिरड्याची टोपली ठेवायचो. "एक टोपली हिरडा झाली तू," असं सांगितलं की ती आजोबाकडे बघून हसायची. प्रत्येक खेपेला ती एक टोपली हिरडाच असायची.

मग ज्येष्ठात टोरी पडली. खड्डे तयार नव्हते, मजूर धानाच्या कामाला गेले होते. साहेब म्हणाले, टोरी साठवा, पुढच्या वर्षी लावू. दसरूनं मान हलवली. "टोरी ठेवाचं बी नोहे, सायेब. ते पडलं का पेराव लागते. पंधरा दिसांत मरते. माह्या तुंब्यात पाहा, सप्पा बी हाये, टोरी नाई."

साहेब हसले. "तुमच्या भोपळ्यात नाही टिकत. आमच्या पोत्यात टिकेल." आणि त्यांनी चांद्याहून आलेला पत्र्याचा डबा उघडायला लावला.

आत पांढरी पावडर होती. नाकाला झोंबणारा, ओल्या भिंतीसारखा वास. डब्यावर कवटीचं चित्र होतं आणि खाली इंग्रजीत लाल अक्षरं. नाक्यावर साहेबांनंतर इंग्रजी वाचता येणारा मी एकटा. हे विष आहे, खाण्याच्या वस्तूंपासून दूर ठेवा, हात धुवा, असं सगळं मी वाचलं. वडिलांनी विचारलं, काय लिहिलं आहे. मी म्हणालो, "किड्याची दवाई आहे. तोंडाला लावायची नाही." दवाई हा शब्द तिथून टोल्यावर गेला आणि तोच राहिला. सरकारी दवाई. हिवतापाच्या गोळ्या यायच्या त्याही सरकारी दवाईच.

बी पोत्यात भरण्याआधी दसरू माझ्याकडे आला. त्यांच्यात कुठलंही नवं फळ, नवं बी देवाला दाखवल्याशिवाय वापरायचं नाही. त्याला ते पंडुम म्हणतात. घराघरातून मूठमूठ बी देवापाशी आणायचं, सगळं मिसळायचं आणि मग प्रत्येकानं आपली मूठ घेऊन जायची. टोरीचं पंडुम व्हायचं होतं. तो म्हणाला, "दोन दिस थांब, बाबू. देवाले दाखवतो, मंग भर." साहेब दुसऱ्या दिवशी बघायला येणार होते. मी म्हणालो, "दसरूभाऊ, पूजा मागून करा. साहेबांना पोती भरलेली दिसली पाहिजेत." तो म्हणाला, "तू म्हनतं तं ठीक हाये." मी लाकडी फावड्यानं पावडर कालवली आणि पोत्यांची तोंडं शिवली.

त्यानंतर गोदामात शांतता झाली. हे मला तेव्हाही जाणवलं होतं. आधी तिथे सदा काही ना काही चाललेलं असायचं. उंदरांची खुडबुड, बांबूच्या वाशांत किड्यांचं करकरणं, कौलाखाली चिमण्या. आठवड्याभरात सगळं बंद झालं. पाली भिंतीवरून खाली पडलेल्या सापडायच्या, पोट वर. मुंग्यांची रांग दारापर्यंत यायची आणि तिथून वळून जायची. आई म्हणाली, "तुह्या गोदामात आता भुताले बी राहा वाटनार नाई." मी तिला सांगितलं, दवाई चांगली आहे, त्याचंच हे लक्षण.

पोळा झाला. साहेबांनी टोरी ओल्या गोणपाटात घालून बघायला सांगितलं. दहा दिवस आम्ही पाणी शिंपडत राहिलो. एकाही बीला कोंब आला नाही. दसरूनं एक बी नखानं फोडून दाखवलं, आत तपकिरी. टोरीची दोन पोती जाळून टाका आणि तसं रजिस्टरात लिहा, एवढं सांगून साहेब घोड्यावर बसले. मी आधी लिहिलं आणि मग काड्यापेटी शोधायला लागलो. लिहिलं त्याखाली वडिलांनी साक्षीदार म्हणून सही केली होती. त्यांनी पोती बघितली नाहीत. मुलगा सांगतो म्हणजे जाळली असणार.

लाकडं ओली होती. दोनदा पेटवलं, दोनदा विझलं. तेवढ्यात पुनाबाई आली. कडेवर सुकरी. दसरू टेकडीवर ऐनाचं बी टोकायला गेला होता.

"काऊन जाळून राह्यला बाबू?"

"मेलं आहे बाई हे. उगवत नाही."

"उगवत नाई तं का झालं? तेल तं निघते." तिनं एक बी दाताखाली फोडलं आणि थुंकून टाकलं. "औंदा सप्पा टोरी तुमच्या गोदामात देल्ली. घरी दिव्याले थेंब नाई. माह्या सुकरीच्या डोस्क्याले लावाले नाई."

मी म्हणालो, "दवाई लागली आहे त्याला."

"दवाईच तं हाये. धुऊन घेतो."

मला ते खरोखर सोपं वाटलं. ओल्या लाकडांशी झटण्यापेक्षा सोपं. मी म्हणालो, "चांगलं धुवा हं बाई, दोन-तीन पाण्यानं." हे 'चांगलं धुवा' मी पुढे कित्येक वर्षं उराशी धरून होतो. मी सांगितलं होतं, असं मी स्वतःला सांगायचो. टोल्यावरचे दोन जण आले आणि पोती घेऊन गेले. सुकरी जाताना म्हणाली, "मले मोज." मी म्हणालो, उद्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नाल्यावर तोंड धुवायला गेलो. टोल्याच्या खालच्या अंगाला एक डोह होता, तिथे ढिवर जाळी लावत. डोहावर मासे तरंगत होते. बोटभर मळ्यांपासून हातभर मरळापर्यंत, पांढरी पोटं वर केलेले. पाणी अगदी स्थिर होतं आणि काठावर एकही बगळा नव्हता. दोन ढिवर मासे काठीनं उलटवून बघत होते. त्यांतला एक म्हणाला, "कोन्या बेवकुफानं साल टाकली रातच्याला." मासे गुंगवायला काही झाडांची साल कुटून पाण्यात टाकतात, त्याबद्दल तो बोलत होता. दुसरा म्हणाला, "सालीनं मरळ मरत नाई गा. नुसता फिरते." मी ते ऐकलं. काठावरच्या दगडावर टोरीची टरफलं पडली होती, आणि त्यांच्या खाचांत पांढरं काही अजून होतं.

मी तिथून टोल्यावर जायला हवं होतं. पाचशे पावलंसुद्धा नव्हती. मी घरी आलो. मी विचार केला की माशाचं वेगळं, माणसाचं वेगळं. मी विचार केला की आपण गेलो तर पोती कुठून आली हे निघेल. रजिस्टरात 'जाळून टाकली' आहे आणि खाली वडिलांची सही आहे. साहेब वडिलांना विचारतील. नाका जाईल, घर जाईल, माझं कायम होणं जाईल. हे सगळं खरं होतं. त्या वयात माणूस आपल्याला परवडतं तेवढंच खरं बघतो, असं मी इथे लिहिणार होतो. पण ते वाक्य फार सोयीचं आहे. मी घाबरलो होतो, एवढंच.

टोरीचं तेल काढायला तीन-चार दिवस लागतात. फोडायची, वाळवायची, कुटायची, वाफवायची आणि मग दोन जाड फळ्यांच्या मध्ये घालून वरून दाबायची. त्या फळ्या दाबताना लाकूड कण्हल्यासारखा आवाज करतं. आधी कुटण्याचा आणि मग हा, असा आवाज आमच्या अंगणात ऐकू यायचा. ते दिवस मी विहिरीवर, रस्त्यावर, गोदामात, कुठेही असलो तरी तो आवाज ऐकत होतो. तो सुरू होता तोवर वेळ होता. मी रोज ठरवत होतो, जेवण झालं की जातो.

पाचव्या दिवशी आवाज थांबला आणि पुनाबाई बाटली घेऊन आली. पहिलं तेल आमचं, हा तिचा नेम. आई तिला बसवून चहा करायला आत गेली. बाटली ओट्यावर होती, पिवळी, स्वच्छ. पुनाबाई म्हणाली, "यंदा वास येऊन राह्यला थोडा. पन पुऱ्या चांगल्या होतीन." मी बाटलीकडे बघत उभा राहिलो. ती गेल्यावर मी आईला म्हणालो, हे तेल खवट आहे, वापरू नकोस. आई म्हणाली, "पुनाचं तेल कदी खवट नसते." मी बाटली उचलली, मागच्या राखेच्या ढिगाऱ्यावर रिकामी केली आणि वर राख ओढली. मग विहिरीवर जाऊन राखेनं, मातीनं हात घासले. आई दारातून बघत होती. ती मरेपर्यंत त्याबद्दल कधी बोलली नाही.

म्हणजे मला माहीत होतं. माझ्या घरापुरतं मला नीट माहीत होतं. जे लिहायचं होतं ते हेच आहे.

त्यानंतर तिसऱ्या दिवशी दुपारी टोल्यावरून ओरडण्याचा आवाज आला. वडील धावले, मी त्यांच्या मागे. सुकरी अंगणात खाटेवर होती. तिचं सगळं अंग झटके देत होतं, दात घट्ट मिटलेले, डोळे वर. बाजूला पुनाबाई भिंतीला टेकून बसली होती आणि तिचे दोन्ही हात कोणी हलवल्यासारखे हलत होते. चुलीपाशी टोपल्यात मोहाच्या पिठाच्या पुऱ्या होत्या. माणसं म्हणत होती, देव अंगात आला. वडिलांनी गाडी जुंपायला सांगितली. कुरखेड्याच्या अर्ध्या वाटेपर्यंतही गाडी गेली नाही. परत आली तेव्हा ऊन अजून होतं.

दसरू रडला नाही. तो देवापाशी गेला आणि संध्याकाळी परत आला तेव्हा त्याला कारण सापडलं होतं. सगळ्यांसमोर त्यानं सांगितलं, "पंडुम नाई केला मी. देवाले न दाखवता बी देल्लं. माही चूक हाये. पोरीवर निंगाली." मी चार हातांवर उभा होतो. त्यानं माझ्याकडे बघितलंसुद्धा. त्याच्या नजरेत माझ्याबद्दल काहीच नव्हतं. 'पूजा मागून करा' असं कोण म्हणालं होतं, तेही त्यानं सांगितलं नाही. तेव्हा एक वाक्य पुरलं असतं. बाकीचं तेल अजून त्यांच्या घरात होतं. मी बोललो नाही. पण सगळे नदीवर गेले असताना मी मागच्या दारानं आत गेलो, तेलाची मडकी ओतून दिली आणि परत आलो. त्यालाही लोकांनी देवाचं करणं मानलं.

सुकरीचे दिवस झाल्यावर दसरूनं सगळे तुंबे खाली उतरवले आणि नदीवर नेऊन एकेक फोडला. ऐन, चार, बेहडा, बिजा, किती वर्षांचं कोण जाणे, राखेसकट पाण्यातून वाहत गेलं. बी राखायला मी लायक नाही, असं त्यानं गावाला सांगितलं. पुढे तो टोला सोडून मुलीच्या गावी गेला. साहेबांची बदली झाली. टेकडीवर शेवटी सागच लागला, सरळ रांगांत. माझं काम कायम झालं.

बऱ्याच वर्षांनी, पोरं शाळेत जायला लागली होती तेव्हा, मी गडचिरोलीच्या एस.टी. स्टँडवर उभा होतो. बाकावर एक म्हातारा बसलेला, डोक्याला पांढरं फडकं, शेजारी काठी. त्यानंच मला ओळखलं.

"नाकेदाराचा बाबू नोहे का तू?"

मी त्याच्या शेजारी बसलो. पुनाबाई कधीच गेली होती. शेवटपर्यंत तिचे हात थांबले नाहीत, तो म्हणाला, पाण्याचा गिलास धरता यायचा नाही. माझे वडील कसे आहेत, त्यानं विचारलं. गेले, मी सांगितलं. मग त्यानं माझा हात धरला.

"तुले एक सांगाचं राह्यलं होतं, बाबू. ते बी मी देवाले न दाखवता तुह्या हाती देल्लं. तुले का माहीत होतं, तू तं पोरगा. पाप माहं, पन हात तुहे बी लागले त्याले. तुले काई झालं तं नाई ना? घरी सप्पे बरे हायेत? मले माफ कर."

घरी सगळे बरे आहेत असं मी सांगितलं. तोंडाशी आलेलं वाक्य मला अजून पाठ आहे. रोज रात्री त्याच्याच बोलीत मी ते जुळवत आलो होतो: दसरूभाऊ, देवाचं काई नाई, दवाईचं होतं, आन डब्यावरचं मी वाचलं होतं. एवढंच. त्याची गाडी लागली होती, कंडक्टर दार आपटत होता. तरी वेळ होता. मी त्याच्या हाताकडे बघितलं, तोंड उघडलं आणि म्हणालो,

"भाऊ, चहा घेता?"

"नाई गा," तो म्हणाला, "गाडी सुटन." मी त्याला धरून पायरीवर चढवला.